आपला नम्र

ताई : पुढे वाच की. थांबलास का?

भाऊ : तू हसतेयस म्हणून थांबलो. डॉक्टरांनी मनाई केलीय ना?

ताई : जिने चढायची केलीय. हसायला जिना लागत नाही. वाच.

भाऊ : "प्रति, माननीय परमेश्वर. विषय : माझ्या थोरल्या बहिणीच्या हृदयाची झडप बदलण्याचे ऑपरेशन, आज सकाळी दहा वाजता, सुरळीत पार पडणेबाबत."

ताई : देवाला विषय कळवावा लागतो?

भाऊ : विषय नसलेला कागद छत्तीस वर्षांत मी एकदाही पुढे सरकवला नाही. वरचा तरी कसा सरकवेल?

ताई : बरं. मग?

भाऊ : "संदर्भ : माझी यापूर्वीची तोंडी विनंती."

ताई : कधी केली होतीस?

भाऊ : दहावीच्या निकालाआधी. त्यापुढे 'उत्तर अप्राप्त' असंही लिहिलं होतं. मग म्हटलं, आजच्या दिवशी कशाला खुसपट काढा. खोडलं.

ताई : अरे, पास झाला होतास की!

भाऊ : लेखी कळवलं नव्हतं.

ताई : ढब्बू, मी काल तुला काय सांगितलं होतं? रोज सकाळी मी त्याच्याशी दोन शब्द बोलते. आज मी चार तास बेशुद्ध असणार, तर माझ्याऐवजी तू बोल. एवढंच ना? यात अर्ज कुठून आला?

भाऊ : हेडक्लार्कला बदलीवर नेमलंस, तर पद्धत हेडक्लार्कचीच येणार. काल दुपारभर बसलो होतो. तीन मसुदे फाडले. ऐक आता, पुढे तुझ्याबद्दल आहे. "सदर बहीण वय वर्षे बहात्तर असून, आईच्या पश्चात तिने अर्जदाराचे संगोपन केलेले आहे. तिची वागणूक चांगली आहे."

ताई : नुसती चांगलीच?

भाऊ : उत्तम लिहिलं की पुरावे मागतात.

ताई : आणि हे खाली बारीक अक्षरात काय आहे? चष्मा असून दिसत नाही मला.

भाऊ : ते काही नाही. शेवटचं आहे.

ताई : वाच म्हणते ना.

भाऊ : "प्रत माहितीसाठी सादर : आईचा देव. शेजारच्या काकूंचा देव. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचा देव, असल्यास."

ताई : अरे देवा.

भाऊ : एकाच टेबलावर फाईल अडकली तर काय करायचं? मी स्वतः अडवल्यात ना, म्हणून माहितीय.

ताई : म्हणजे विश्वास नाही तुझा.

भाऊ : आहे. पण पोच मिळालेली बरी.

ताई : आणि सही?

भाऊ : "आपला नम्र." ते लिहिताना मात्र हात थांबला बघ. नोकरीत रोज चाळीस वेळा नम्र झालो, पण सहीपुरताच. सही वाळली की पुन्हा समोरच्यावर खेकसायला मोकळा. काल पहिल्यांदा वाटलं, याला खरंच नम्र म्हणतात का? बाजूला प्रश्नचिन्ह करून ठेवलंय.

नर्स : आजी, दहा मिनिटांत न्यायचंय हं. चष्मा, बांगड्या, कवळी सगळं काढून द्या. काका, ही डबी धरा, कवळी यात ठेवा.

भाऊ : सिस्टर, त्या संमतीपत्रात तिसऱ्या पानावर 'गुंतागुंत' शब्द आहे, त्याचा नेमका अर्थ...

नर्स : काका, काल चार वेळा सांगितला. आजी, तुम्हाला काही विचारायचंय का?

ताई : मला काय विचारायचं? तुम्हाला माहीत आहे ना सगळं? मग झालं.

नर्स : भीती नाही वाटत?

ताई : वाटते की. सकाळीच देवाला सांगून टाकलं, मला फार भीती वाटतेय, तू बघ. तेव्हापासून दोघं मिळून घाबरतोय. बरं वाटतं.

नर्स : मी स्ट्रेचर घेऊन येते.

भाऊ : ताई, मला तसं बोलता येत नाही गं. मी तोंड उघडलं की 'उपरोक्त' बाहेर पडतं. आणि तू... तू परत आली नाहीस, तर मला ढब्बू म्हणणारं कोणी उरणार नाही. हे अर्जात कुठं घालायचं, तेच कळेना.

ताई : ये, जवळ बस. आई गेली तेव्हा तू अडीच वर्षांचा होतास. घरभर माणसं, सगळी एकमेकांना समजावत होती. तू संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात बसलास. मग उठलास, माझ्यापुढे येऊन उभा राहिलास आणि दोन्ही हात वर केलेस. "घे" म्हणालास. बस, एवढंच.

भाऊ : मला आठवत नाही.

ताई : मला आठवतं. मी दहा वर्षांची, काडी. तू हा एवढा ढब्बू. हिला आपण पेलवतो का, असा विचार केलास? विषय कळवलास? वागणूक सांगितलीस? दुपारीच मला चावला होतास, तेही नाही सांगितलंस.

भाऊ : आणि तू घेतलंस?

ताई : घेतलं. चार पावलांवर दोघंही पडलो. तुझ्या कपाळावरची खूण तीच.

भाऊ : तू मला सांगत आलीस की मी झोपाळ्यावरून पडलो!

ताई : लाज वाटायची मला. पण दुसऱ्या दिवशी तू पुन्हा पुढ्यात हजर. कपाळाला पट्टी, आणि दोन्ही हात वर.

नर्स : चला आजी. काका, तुम्ही इथंच बाकावर बसायचं. दाराच्या आत यायचं नाही.

ताई : ढब्बू, रडू नकोस. कवळी सांभाळ. परत आले की बोलायला लागेल.

(स्ट्रेचर जातं. दार मिटतं. थोड्या वेळाने नर्स बाहेर येते.)

नर्स : झालं हो सुरू, काका. हा कागद तुमचा का? बाकाखाली पडलाय.

भाऊ : माझाच. टाकून द्या.

नर्स : बरंच लिहिलंय. महत्त्वाचा नाही ना?

भाऊ : मसुदा होता. सिस्टर, ही डबी जरा धरता का? दोन्ही हात मोकळे लागतात.

नर्स : कशाला? आणि असे वर का केलेत? खांदा आखडलाय का?

भाऊ : बासष्ट वर्षांचा आखडलाय. घे.

नर्स : मी? काय घेऊ?

भाऊ : तुम्हाला नाही म्हणालो, सिस्टर.

नर्स : अहो, पण चार तास लागतील. तोवर असेच बसणार?

भाऊ : दुखले की घेईन खाली. मग पुन्हा वर.