न वाचलेलं प्रकरण

पाटसच्या स्टँडवर मी दौंडच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर आमच्या गावच्या आबांची तरणी सून पूनम आणि तिच्या घराशेजारच्या अनसाबाई बोलत बसल्या होत्या.

“महिना झाला मावशी, पन अजून अंगाची आग होतीया माज्या!”

“दौंडच्या त्या वाचक मंडळात भांडान झालं म्हनं?”

“व्हय. दर महिन्याला तिथं एक रहस्यकथा वाचत्यात. आमचं आबा मेंबर. आता त्यांस्नी दिसत न्हाई, म्हनून पुस्तक मी वाचून दाखवते.”

“दुपारचा येतो की तुजा आवाज.”

“शेवटचं प्रकरण चिकटवलेलं असतं. आधी खुनी वळखायचा, मग फोडायचं. आबांनी कंपाउंडर सांगितला. बाकी सगळे चुकले.”

“मग चांगलंच झालं की!”

“आबा म्हनले, माज्या सुनंनं वळखला. तवा अध्यक्ष हसला. म्हनला, बाईनं आधीच फोडून वाचलं असंल!”

“मेल्याची जीभ झडली न्हाई! आन् तू?”

“मी व्हरांड्यात चपलांपाशी बसलेली. सगळं ऐकलं.”

“आबा गप बसले?”

“न्हाई! म्हनले, माजं नाव काढा, तिथं पूनमचं लिवा. मग मीबी आत गेले. म्हनलं, फुडचं पुस्तक द्या, पन शेवटचं प्रकरण फाडून तुमच्याच कपाटात ठेवा.”

“आन् दिलं तसं?”

“दिलं. आज बैठक हाय. आबा म्हनले, एकटी जा.”

“मग खुनी घावला का?”

“तिसऱ्याच प्रकरणात, मावशी!”