भिंतीवरचं कात्रण

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी शिवाजी पेठेतल्या आमच्या दवाखान्यात नेहमीसारखी गर्दी होती. बाबा पडद्याआड पेशंट तपासत होते आणि मी, त्यांची डॉक्टर मुलगी, गोळ्या बांधून देत होते. बेंगळूरला विमानवैद्यक, म्हणजे वैमानिक-अंतराळवीरांचं वैद्यक, शिकायला माझी निवड झाल्याचं पत्र बाबांना न दाखवता आठवडाभर पर्समध्येच होतं. बाकावर नंबराची वाट बघत बसलेले केरबा शेजारच्या तानाबाईंना बाबांनी भिंतीवर चिकटवलेलं वर्तमानपत्राचं कात्रण वाचून दाखवत होते.

“परदेशातली डाक्टरीण हाय. धा वरसं पेशंट बघितलं आन मग अवकाशात गेली.”

“तिथं कोन आजारी हाय?”

“कोन न्हाय. सोताचीच नाडी बघती, सोताचंच रगत काढती.”

“त्येच्यासाठी एवढ्या लांब?”

“दोनदा न्हाय म्हनले तिला. तिसऱ्यांदा घेतलं.”

“चिवट हाय की. आन तिचा दवाखाना?”

“त्ये छापलं न्हाय.”

“बाप डाक्टर आसंल तर म्हनला आसंल, माझ्या मागं हितं कोन बसनार?”

पडद्याआडून बाबांचा आवाज आला, “न्हाय, तानाबाई. जा म्हणाला असणार.”

“तुमाला काय ठावं? छापलंय व्हय?”

“मी बी बापच हाय की. या आता आत.”

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा झोपेतच गेले.

पंधरा दिवसांनी मी दवाखाना उघडला. त्यांच्या टेबलावर ते पत्र ठेवलं आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून मोठ्याने म्हणाले, “बाबा, माझी निवड झालीये. मला जायचंय.”