सगळे कोट बाहेर गेलेत

—हरवला कसा म्हणता? आमच्याकडे काही हरवत नाही. पावती बघू परत. हां, राखाडी कोट, आतून निळं अस्तर — साडेतीन वर्षं झाली की हो! साडेतीन वर्षं कोट आठवला नाही आणि आज दारातून आत येता येता घाई? बसा जरा. मागे इस्त्री चालू आहे त्याच्यावर. बसा म्हणते ना, स्टूल डुगडुगतं, भिंतीला टेकून बसा. आत्ता कुठे सव्वातीन होतायत.

हे दुकान माझ्या सासऱ्यांचं. कारखाने चालू होते तेव्हा साहेबलोकांचे कोट इथे नुसते रांगेने — मला जेवायला फुरसत नसायची. मग एकेक कारखाना बंद पडत गेला, आणि घरी बसलेला माणूस कोट कशाला धुवायला टाकेल? टाकलेले सोडवायलासुद्धा कोणी येईना. आमचे हे काउंटरवर माशा मारत बसायचे आणि मी आपली वर बघायची — ह्या दांडीवर — तेवीस कोट! स्वच्छ, कडक, पिशवीत घातलेले. म्हटलं, अहो, इतकी माणसं नोकरी शोधत वणवण फिरतायत, मुलाखतीला घालायला कोणाकडे धड कोट नाही, आणि इथे तेवीस नुसते लोंबतायत — भाड्याने देऊ या! हे असे भडकले! लोकांची ठेव आहे ती, म्हणाले, तुला काही लाज? मी म्हटलं, लाज धुऊन दुकान चालत असेल तर सांगा, तीही धुते. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

आणि चाललं हो! पाटी लावली, 'मुलाखतीसाठी कोट मिळेल', तर दुसऱ्या दिवशी दारात सहाजण. मी काय नुसता कोट देते? बाही लांब असेल तर आतून टाका घालते, बसताना खालचं बटण सोडा म्हणून सांगते, पाय हलवू नका, विचारल्याशिवाय जुन्या साहेबाचं नाव काढू नका. कोट परत आला की खिसे तपासते — एकदा एका खिशात चिठ्ठी निघाली, स्वतःच्याच हाताने लिहिलेली: सावकाश बोल. त्याला नाही मिळाली नोकरी. कोणालाच फारशी मिळत नाही, खरं सांगायचं तर. तोच माणूस पुन्हा येतो, तोच कोट मागतो, आणि त्यावर आमचं घर चालतं. म्हणजे लोकांचं बरं झालं की आमचं बसलंच! असलं डोकं चालवलंय मी.

तुमचा? — हो, तुमचाही. रागावू नका. सगळ्यांत चांगला तोच होता. इस्त्री-बिस्त्री काही चालू नाहीये मागे, मागे आमचे हे झोपून आहेत, वर्ष झालं, अर्धं अंग हलत नाही त्यांचं. तुमचा कोट आज आमचे जावई घालून गेलेत. येतीलच इतक्यात. तुम्हाला कशाला हवा होता, लग्न-बिग्न आहे का कोणाचं? — मुलाखत? आज? कुठे?

अगं बाई. रंगाचा कारखाना. स्टोअरकीपर. चारला फाटक बंद — अहो, तिथेच गेलेत ते! सगळे तिथेच गेलेत, तेवीसच्या तेवीस कोट, सकाळी ही दांडी रिकामी झाली. एका जागेसाठी! तुम्ही आधी किती वर्षं होतात स्टोअरला? — बारा? बारा वर्षं... आमचे जावई सात महिने होते, तेही पॅकिंगला. पण स्वभावाने गरीब हो, कधी उलटून बोलत नाहीत. मुलीला सातवा लागलाय. दोघं आमच्याकडेच असतात, मागच्या खोलीत, मध्ये पडदा, पडद्याच्या अलीकडे हे. काल मुलगी म्हणाली, आई, ह्या वेळी नाही झालं ना, तर तो घर सोडून जाईल कुठेतरी, मला दिसतंय. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय.

तसेच निघालात? शर्टावर? अहो, कोपर फाटलंय, फाटकावरचा माणूसच परत पाठवेल. बसा. जावई आले की मीच कोट अंगात घालून देते, अजून पावणेचार नाही झाले, पंधरा मिनिटांचा तर रस्ता. — कुठला? तो खिळ्यावरचा? तो नाही. तो ह्यांचा आहे, भाड्याचा नाही. तुम्हाला येईल हे मला काय सांगता, तुम्ही दारातून आत आलात तेव्हाच बघितलं मी, खांद्यात अगदी बेतून शिवल्यासारखा — म्हणून तर — नाही. आठवणीचा आहे तो. लग्नातला.

आठवणीचा कसला डोंबलाचा! गेल्या महिन्यात विकायला काढला होता, कोणी घेतला नाही. पण तुम्हाला देते आणि तुम्ही जाता, जाता आणि बारा वर्षं म्हणून सांगता — मग आमच्या जावयांकडे बघणार कोण? सकाळी बावीसजणांना पाठवलं, पण एकेकाला आधीचं काम विचारून पाठवलं. दोघं स्टोअरच्या कामातले जाणते निघाले, त्यांना आखूड कोट दिले. मुद्दाम. बाही मनगटाच्या वर, बटण लागेना — शोभतोय म्हटलं. कोणाला सांगितलं नव्हतं हे, ह्यांनाही नाही. असं बघू नका माझ्याकडे. तुमच्या घरी नसेल कोणी सातवा लागलेलं, मला आहे.

भोंगा ऐकलात? चार वाजले. घ्या — हा घ्या ह्यांचा कोट. भाडं नको. परत नाही आणलात तरी चालेल. अहो, घ्या ना! — बरं, नका घेऊ. थांबा, दार अडकतं ते, मीच उघडून देते.

अहो... जावईबापू, तुम्ही? इथे पायरीवर? — केव्हापासून? — साडेतीनपासून! मग आत का नाही आलात? — गिऱ्हाईक होतं म्हणून? तोंड कसं दाखवायचं म्हणून?

म्हणजे सगळं ऐकलंत ना हो तुम्ही, जावईबापू. उठा, कोट काढा तो, ह्या गिऱ्हाइकाचा आहे. आणि तुम्ही — घ्या, धुतलेला नाही, तसाच घ्या, आणि जा. काही बोलू नका. जा हो!