पाच मोजेपर्यंत

सन्माननीय अध्यक्षबाई, मंचावरचे विश्वस्त, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते आपले निधीप्रमुख, कारखान्याच्या आगीत घरचं माणूस गमावलेली आपली सगळी कुटुंबं, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले कर्मचारी मित्रहो,

साहेबांविषयी चार शब्द बोलायला मला सांगितलं, कारण त्यांना निवडणाऱ्या समितीत कुटुंबांच्या वतीने मी होतो. त्या आगीच्या आठवणी जपणाऱ्या आपल्या संग्रहालयाची तेव्हाची दशा आठवते ना? छप्पर असं गळायचं की दालनात पाहुण्यांपेक्षा बादल्या जास्त! मुलाखतीला पाच जण आले. चौघांनी आल्याआल्या लॅपटॉप उघडला. साहेब म्हणाले, "आधी वस्तू बघू द्या." आगीत गेलेल्या माझ्या ताईच्या डब्यापुढे ते थांबले आणि त्यांनी विचारलं, "हा कुणी उघडला?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं होतं? "आईने," एवढंच मी म्हणू शकलो. मत द्यायची वेळ आली तेव्हा पहिला हात माझा वर गेला. बाकीचे माझ्याकडे बघून कबूल झाले.

आई तेव्हा ताईबद्दल दोनच वाक्यं बोलायची. "सकाळी माझ्याशी भांडून गेली. संध्याकाळी डबा तेवढा परत आला." संपलं. तिसरं वाक्य मी घरातही कधी ऐकलं नव्हतं.

साहेबांनी तिला देणगीदारांपुढे नेलं. जबरदस्तीने? छे! गाडी पाठवायचे, पाठीला उशी द्यायचे, तोंडभरून 'आई' म्हणायचे. एकदा म्हणाले, "आई, 'डबा परत आला' म्हटलं की जरा थांबा. मनात पाच मोजा, मगच उठा." आईने जन्मभर शिवणकाम केलेलं, मापाला पक्की. ती बोटांवर पाच मोजायची आणि समोरची माणसं डोळे पुसायची. पुढे 'भांडून गेली' हे ऐकणाऱ्यांना जड जातं, असं साहेबांनी तिला समजावलं. त्या जागी 'दारातून वळून हसली' आलं. त्या सकाळी मी घरात होतो. ताई वळली नव्हती. दार आपटून गेली होती. पण मी तोंडाला कुलूप लावलं, कारण छप्पर दुरुस्त व्हायचं होतं. ते झालं, आणि त्याचं श्रेय साहेबांचंच. ते नाकारलं तर मी कृतघ्न ठरेन.

मागच्या महिन्यात आई गेली, आपल्याला ठाऊकच आहे. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी दवाखान्यात आम्ही दोघंच होतो. "तुझी ताई त्या दिवशी दारातून वळून हसली," ती म्हणाली. "संध्याकाळी डबा तेवढा परत आला." आणि थांबली. चादरीवर तिची बोटं हलत होती. पाच झाल्यावर तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"नीट झालं का रे?"

मी म्हटलं, "छान झालं, आई."

मला राग येतो, साहेब. तुमचा येतो, त्याहून माझा जास्त येतो. अध्यक्षबाई, नवा निधीप्रमुख निवडायच्या समितीत तुम्ही पुन्हा माझं नाव घातलंय. ते काढा. आणि साहेब, तुम्ही आता मोठ्या संग्रहालयात चाललात. तिथेही कुणाची तरी आई असेल. तिला दोनच वाक्यं येत असतील, तर दोनच राहू द्या.

बोलू दिलंत, ऐकून घेतलंत, आपल्या सर्वांचा ऋणी आहे. काही अधिकउणं बोललो असेन तर पोटात घाला. मध्येमध्ये थांबलो, ते मोजून नव्हतं; त्याचीही माफी असावी.