जावयाचे जिताडे

दोन हजार चोवीसचा वैशाख होता, आणि दारव्ह्याकडचा आमचा तलाव आटून डबक्याएवढा झाला होता. आम्ही भोई माणसं. आदल्या पावसाळ्यात शेजारच्या तलावावरच्या किसनकडून रोहूची बोटाएवढी पिल्लं उसनी आणून सोडली होती. उसनी पिल्लं पिल्लांनीच फेडायची, ही आमची रीत. त्याच पावसाळ्यात माझ्या नागपूरच्या जावयानं मला न विचारता तलावात जिताडे सोडले. म्हणे, हा मासा गळाला लागला की झुंजतो, मजा येते.

वैशाखात जाळं ओढलं. रोहू एकही नाही. नुसते जिताडे, मांडीएवढे.

जावई खूश. "मामाजी, काय वाढलेत बघा!"

काठावर किसन उभा होता. "वाढतीन नाही तं काय? माही पिल्लं खाल्ली ना त्यायनं. भाऊ, आता मले काय देता?"

मुलीनं माझा चेहरा ओळखला. "बाबा, जावयाले बोलत नसतात."

"कोन बोलून राह्यलं?" मी जिताड्यांची टोपली जावयापुढे ठेवली. "जावईबापू, उद्या दारव्ह्याचा बाजार हाय. मासळीच्या ओळीत बसा."

"मी मासे विकू?"

"मंग मी विकू काय? सोडले कोनं?"

"लोक काय म्हणतील, मामाजी?"

"म्हनतीन, जावई कामाचा हाय."

बसला. दुपारपर्यंत ओरडायलाही शिकला. संध्याकाळी टोपली रिकामी करूनच आला.

पाऊस लागल्यावर त्या पैशांची रोहूची पिल्लं घेतली आणि किसनच्या तलावात सोडली. उसनं फिटलं.