तारप्याच्या गाण्यात जानीचे पाय

मला तारपा वाजवता येत नाही, असं सत्तरी उलटल्यावर मला एकदा वाटलं होतं. जव्हारची गायिका सुषमा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम करत होती आणि एका गाण्यात तिला माझा तारपा हवा होता. मी आणि माझी बायको जानी पोशेऱ्याहून जीपने गेलो. रेकॉर्डिंगच्या खोलीत भिंतींना गाद्या लावल्या होत्या.

"आजोबा, माईकसमोर उभं राहायचं. हलायचं नाही," सुषमा म्हणाली.

मी फुंकलं, पण चाल अर्ध्यातच विझली. तीनदा तसंच झालं.

"राहू दे आजोबा. तारप्याशिवाय करते मी गाणं," ती हळूच म्हणाली. मला फार लागलं ते.

दाराशी बसलेली जानी हसली. "जन्मभर माझं पाय बघून वाजवलं यानं. आता गादी बघून कसं येल?"

ती उठून माझ्यासमोर नाचू लागली, आणि चाल आपसूक आली.

"आजी, तुमच्या पायांचा आवाज आलाय त्यात," नंतर सुषमा म्हणाली.

"मग येऊ दे की!"

परवा अल्बम आला. नातीने मोबाईलवर ते गाणं लावलं. जानीने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "चांगलंय. पण तारपा जरा बारीक कर, पाय ऐकू येत नाहीत."