नाथाजीचा डबा

शिराळ्याच्या स्टँडवर एका म्हातारीनं ड्रायव्हरकडे जेवणाचा डबा दिला.

"सांगलीला कॉलेजच्या गेटावर द्या बाबा. माझ्या नाथाजीचा हाय. तितं कंप्युटरवर असतोय."

एस्टी सुटली आणि माझ्या पुढच्या सीटवरच्या कॉलेजच्या दोन मुली कुजबुजायला लागल्या.

"अर्फा, तिला सांगायला पायजे गं. नाथाजी नावाचा माणूसच न्हाई."

"तूच सांग, नंदिनी. प्रॅक्टिकलला हॅकर गळाला लागावा म्हणून कॉलेजचा खोटा क्लार्क तूच बनवलास."

"नाव तेवढं मी दिलं. फोटो तू कंप्युटरकडनं बनवून घेतलास, आन् वेबसाईटवर टाकलास."

"मला काय म्हाईत, तो बघून म्हातारी म्हणंल, घरातनं गेलेला माझा पोरगा घावला!"

"सर म्हणालेवते, जाऊन सांगा."

"गेलते की. ती म्हणाली, पोरगं लय गुणाचं. डबा धुऊन पाठवतंय, आन् रिकामा न्हाई. ल्हानपणासारखी चिमूटभर साखर घालतंय. मग माझं तोंडच उघडंना. तू साखर कशाला घालतीस गं?"

"मी? मी गेटवरनं डबा आणून लॅबमधी त्या कंप्युटरपाशी ठेवते. सकाळी धुतलेला असतोय, तसाच परत एस्टीत देते. मला वाटलं, तूच खातीस."

"मी हातसुदिक लावला न्हाई."

नंदिनीनं मान उंचावून ड्रायव्हरपाशी ठेवलेल्या डब्याकडे बघितलं.

"सरांना विचारू या?"

"सरांनी कालच लॅबचं कुलूप बदललंय. म्हणाले, रात्री आत कोण जेवतंय ते विचारू नका, पण आता डबा आत आणू नका."